गाडगेबाबांचा पुतळा घडवणारी कार्यशाळा : आमच्या गावाचा अनुभव

दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावात संत गाडगेबाबांचा ब्राँझचा पूर्णाकृती पुतळा बसवून येत्या पावसाळ्यात दोन वर्षे पूर्ण होतील. तो ज्या शिल्पकारांनी घडवला, त्यांच्या कामाविषयी आजूबाजूच्या गावांतील स्मारक समित्यांचे लोक वारंवार चौकशी करतात. फोनवर प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहावे, म्हणून हा मजकूर. समितीचा सचिव या नात्याने पहिल्या भेटीपासून शेवटच्या हप्त्यापर्यंतचा सगळा व्यवहार माझ्या हातून झाला आहे. कार्यशाळेचे नाव मात्र येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि नाव घेऊन तक्रार छापणे मला योग्य वाटत नाही. ज्यांना काम द्यायचे असेल त्यांनी आधी गावात येऊन पुतळा पाहावा. पत्ता ग्रामपंचायतीत मिळेल.

गाडगेबाबा आमच्यासाठी लांबचे संत नाहीत. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावात झाला आणि बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरीला मामाच्या घरी, गुरे राखण्यात आणि शेतीच्या कष्टात गेले. ज्या मातीत त्यांनी औत हाकले तीच काळी माती आमच्याही पायाला लागते. म्हणूनच आमच्या शाळेसमोर पूर्वी बसवलेला बाबांचा अर्धपुतळा आम्हाला जास्त लागला होता. एका मूर्तिविक्री दुकानातून तयार आणलेला तो फायबरचा पुतळा दुसऱ्याच उन्हाळ्यात रंग सोडू लागला, चौथ्या वर्षी मानेजवळ तडा गेला आणि आतला लोखंडी गज गंजून त्याचे तपकिरी ओघळ बाबांच्या छातीवर उतरले. शिवाय तो चेहरा बाबांचा वाटतच नव्हता. दाढी आणि खापर काढून टाकले असते, तर तो कोणत्याही म्हाताऱ्या माणसाचा पुतळा म्हणून खपला असता. तेव्हाच ग्रामसभेत ठरले की पुन्हा करायचे ते धातूचे, आणि बाबांना अभ्यासून करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यायचे.

आम्ही चार ठिकाणी फिरलो. तीन ठिकाणी पहिला प्रश्न आला, 'किती फुटी पाहिजे?' आणि लगेच दरपत्रक पुढे सरकले. चौथ्या ठिकाणी, नागपूरकडच्या रस्त्याला असलेल्या एका जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये, साठीच्या घरातले शिल्पकार मातीने भरलेल्या हातांनी बाहेर आले, आम्हाला बाजेवर बसवले, चहा मागवला आणि विचारले, 'तुमच्या गावात बाबांना प्रत्यक्ष पाहिलेलं कोणी आहे का?' काम तिथेच द्यायचे, हे माझ्या मनाने त्याच क्षणी ठरवले होते. समितीने ठरवायला पुढे दोन महिने घेतले.

या गृहस्थांचे आयुष्य हीदेखील समजून घेण्यासारखी गोष्ट आहे, कारण त्यांच्या कामाची पद्धत त्यातूनच आली आहे. वडील नागपूरच्या चितार ओळीत गणपती आणि दुर्गेच्या मूर्ती करत. माती मळणे हे यांचे लहानपणचे घरकाम. पुढे नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिल्पकला शिकले आणि त्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षे दुसऱ्यांच्या कार्यशाळांत मोठ्या स्मारकांवर साहाय्यक म्हणून राबले. एका घोडेस्वाराच्या पुतळ्याचा केवळ उजवा जोडा आणि रिकीब यांवर आपण अडीच महिने काम केले होते, असे त्यांनी सांगितले तेव्हा आमच्यातला एकजण हसला. ते हसले नाहीत. तो जोडा जमिनीपासून पंधरा फुटांवर आहे, खाली उभे राहणाऱ्याला तळव्याची कडच दिसते, म्हणून ती कड चुकली असती तर पूर्ण स्वार खोटा दिसला असता, असे त्यांनी शांतपणे समजावले.

त्यांच्या टेबलाच्या वर भिंतीवर राम सुतार यांचे वर्तमानपत्रातून कापलेले छायाचित्र चिकटवलेले आहे. सुतारांचा जन्म १९ फेब्रुवारी १९२५ रोजी धुळे जिल्ह्यातील गोंदूर या खेड्यात झाला. श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंच्या प्रोत्साहनाने ते मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयापर्यंत पोहोचले आणि तेथे त्यांनी मेयो सुवर्णपदक मिळवले. १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत त्यांनी अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांची दुरुस्ती केली. चंबळ नदीवरच्या गांधीसागर धरणापाशी असलेली ४५ फुटी चंबळमाता, जिच्याजवळची दोन मुले म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान, ही त्यांचीच. संसद भवनाच्या आवारातील ध्यानस्थ बसलेले गांधीजीही त्यांचेच. आणि ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी नर्मदेकाठी अनावरण झालेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा तर जगातला सर्वांत उंच ठरला. लोकांना हा शेवटचा आकडा तेवढा आठवतो, अशी आमच्या शिल्पकारांची खंत आहे. त्यांना स्वतःला मोलाची वाटतात ती वेरूळची चार वर्षे. तुटलेल्या बोटाला पुढे बोट जोडायचे तर मूळ कारागिराने हात कसा कल्पिला होता हे आधी उमगावे लागते, आणि ती नजर आल्याशिवाय नुसती उंची वाढवून काही हाती लागत नाही, असे ते म्हणतात. हा त्यांचा फक्त बोलण्याचा विचार नाही, हे पुढे आमच्याच कामात दिसले.

कारण आमची मागणी उंचीचीच होती. शेजारच्या गावात एका थोर पुरुषाचा अकरा फुटी पुतळा आहे, म्हणून आमचा बारा फुटी आणि त्याखाली दहा फुटांचा चौथरा, असा ठराव करूनच आम्ही गेलो होतो. शिल्पकारांनी ठराव वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारले, बाबांनी स्वतःच्या स्मारकाविषयी काय सांगून ठेवले होते? उत्तर आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. आपला पुतळा, समाधी, मंदिर काहीही बांधू नका, असेच त्यांचे सांगणे होते. समितीतले ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांनी खाली मान घालून ते बोलून दाखवले. मग शिल्पकार म्हणाले की तुमची श्रद्धा मी अडवणार नाही, पुतळा करून देईन, पण बाबांना बावीस फुटांवर चढवून ठेवणार नाही. चौथरा दीड फुटाचा, म्हणजे घरच्या ओट्याएवढा. बाबा किंचित वाकलेले. आणि खराट्याचे टोक ओट्याच्या खाली, जिथे पोरे चालतात त्या फरशीला टेकलेले.

यावर गावात दोन बैठका झाल्या आणि दोन्ही तापल्या. वर्गणी देणाऱ्यांपैकी काहींना हा गावाचा कमीपणा वाटला. मीही पहिल्या बैठकीत बारा फुटांच्याच बाजूने बोललो होतो, हे येथे नोंदवतो. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की बारा फुटी पुतळ्याला धातू कितीतरी पट लागतो आणि त्या प्रमाणात करणाऱ्याची कमाईही वाढते. ज्यात आपलाच फायदा आहे ती गोष्ट करू नका असे सांगणारा कारागीर मला या वयापर्यंत दुसरा भेटलेला नाही. शेवटी बाबा सरळ उभे राहिले असते तर साडेसहा फूट भरतील, वाकल्यामुळे सहा फुटांच्या आत दिसतील, असे माप ठरले.

जागेचाही प्रश्न तिथेच सुटला. आमची पहिली पसंती बसथांब्याच्या तिठ्याला होती. परंतु सार्वजनिक रस्ते आणि पदपथ यांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३ चा आदेश आहे. त्यामुळे शाळा आणि ग्रामपंचायत यांच्यामधले आवार निवडले. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, कला संचालनालयाकडून मातीच्या मॉडेलला मान्यता, जागेचे कागद, ग्रामसभेचा ठराव, पोलिसांचा अहवाल या कागदपत्रांत पाच महिने गेले. या बाबतीत कार्यशाळेने आराखडे आणि मॉडेलची छायाचित्रे वेळेवर दिली, पण बाकीचा पाठपुरावा समितीलाच करावा लागतो. तो कोणी करून देईल या भरवशावर कोणी राहू नये.

आता मातीच्या मॉडेलविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पैशाचा खरा मोबदला तिथेच मिळतो. लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर माती चढवून पूर्ण मापाचे मॉडेल तयार झाले तेव्हा शिल्पकारांनी समितीला पाहायला बोलावले आणि येताना बाबांना पाहिलेल्या माणसाला आणा, असा आग्रह धरला. आमच्या गावातल्या एका आजींनी दहा-अकरा वर्षांच्या असताना बाबांचे कीर्तन ऐकले होते आणि कीर्तनाआधी बाबांनी झाडलेल्या मैदानावरच बसून ऐकले होते. ऐंशी ओलांडलेल्या आजींना जीपमध्ये पुढे बसवून नेले. चेहरा त्यांनी बराच वेळ पाहिला आणि काही बोलल्या नाहीत. मग खराटा धरलेल्या हाताकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'हा हात झाडाचा नोहे रे बाप्पा. असा खराटा धरला त दोन घरं झाडून मनगट जाते.' शिल्पकारांनी कोपऱ्यातला खराटा आणून त्यांच्या हाती दिला. आजींनी शेडच्या त्या धुळीत चार हात झाडून दाखवले. वरचा हात मुठीवर नुसता टेकलेला, अंगठा खाली वळलेला, जोर खालच्या हाताचा, आणि डावा पाय अर्धे पाऊल पुढे. शिल्पकारांनी ते मोबाइलवर टिपले, दोन वेळा पुन्हा झाडायला लावले आणि आमच्यादेखत तारेने मॉडेलचे दोन्ही पंजे मनगटापासून कापून काढले. तीन आठवड्यांची मेहनत होती ती. पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा हातच नव्हे, खांदाही बदललेला होता, कारण हात तसा धरला की खांदा उतरतो.

चेहऱ्याविषयी आजी त्या दुसऱ्या भेटीत बोलल्या. 'हासू नका देऊ. ते आमच्याकडे पायत होते, हासत नव्हते.' ओठांच्या कडा त्यांच्यासमोरच खाली घेतल्या गेल्या. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, डोक्यावर खापर, हे सर्व पुतळ्यांत असते आणि आमच्याही आहे. पण ती नजर मी इतर पुतळ्यांत पाहिलेली नाही.

अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रासाठी शिल्पकारांनी गावातून जुनी वाकळ मागवली होती. बचत गटातल्या बायकांनी आपापल्या घरची फाटकी लुगडी-धोतरे जोडून हाताने धावदोरा घातलेला एक तुकडा दिला. तो ओल्या मातीवर दाबून, उचलून, मग कोरणीने टाका टाका मोकळा केला. त्यामुळे आज पुतळ्याच्या डाव्या खांद्यावर जे टाके दिसतात ते आमच्याच गावच्या हातांचे आहेत. एका जागी दोरा संपून गाठ मारलेली आहे, तीसुद्धा धातूत उतरली आहे.

ओतकामाची पद्धत मेणाच्या साच्याची. मातीच्या मॉडेलवरून साचा, साच्यात पाच-सहा मिलिमीटर जाडीचा मेणाचा थर, त्याभोवती उष्णता सोसणारे आवरण, मग भट्टीत मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत अकराशे अंशांहून तप्त ब्राँझ ओतायचे. धातूत ८५ टक्के तांबे आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी ५ टक्के, असे प्रमाण करारात लिहून घेतले होते आणि त्याचा तपासणी अहवालही मिळाला. थंड होताना धातू आकसतो, म्हणून मॉडेल अंतिम मापापेक्षा किंचित मोठे करतात, हे आम्हाला तिथे कळले. पुतळा पाच भागांत ओतून जोडला; वजन ३१० किलो भरले. विनायक पांडुरंग करमरकरांनी घडवलेला पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ साली माझगाव गोदीत ओतला गेला, त्याची हकिगत शिल्पकारांनी ओतकामाच्या रात्री भट्टी तापेपर्यंत सांगितली. त्या काळात एवढे मोठे ओतकाम करण्याची हिंमत कशी केली असेल, याचे आश्चर्य त्यांना अजून वाटते आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील पुतळा अनावरणानंतर वर्षही न होता कोसळला, तेव्हापासून आतल्या सांगाड्याविषयी सर्वजण विचारतात. आमच्या पुतळ्यात स्टेनलेस स्टीलचा सांगाडा आहे, आत साचणारा ओलावा निघून जाण्यासाठी दोन्ही टाचांजवळ बारीक छिद्रे आहेत आणि जोडणी करण्यापूर्वी सांगाड्याची छायाचित्रे आम्हाला देण्यात आली. पायाच्या बाबतीत शिल्पकारांनी फार काटेकोरपणा दाखवला. आमची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर वरवरचा चौथरा दोन वर्षांत कलतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत, म्हणजे आमच्याकडे सात फूट खोदून पाया घेतला. दीड फुटाच्या ओट्याला सात फुटांचा खड्डा कशाला, असे गावातले लोक विचारत. आता शाळेच्या कुंपणभिंतीला तडे गेले आहेत, ओट्याला एकही नाही.

तक्रारी चार आहेत. पहिली वेळेची. आठ महिने सांगितले होते, मॉडेलच्या मान्यतेपासून चौदा महिने लागले. त्यातले दोन महिने आमच्या हप्त्याच्या उशिरामुळे गेले, बाकीचे चार त्यांचे. बाबांच्या पुण्यतिथीला, २० डिसेंबरला अनावरण करायचे ठरले होते ते हुकले आणि भर जूनमध्ये, पेरणीच्या घाईत करावे लागले. उशीर होणार हे त्यांना ऑक्टोबरात कळले होते, आम्हाला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगितले. याचे मला आजही वाईट वाटते. दुसरी तक्रार बोल्टांची. ओट्याच्या पायात आधी बसवायच्या चार बोल्टांचा नकाशा त्यांनी पाठवला तो चुकीचा निघाला, हायड्रा क्रेनवर पुतळा लटकत असताना दोन छिद्रे जुळेनात. त्यांची माणसे गॅसने छिद्रे वाढवायला निघाली होती, ते आम्ही थांबवले. शिल्पकार रात्री निघून पहाटे स्वतः आले, छिद्रे योग्य यंत्राने मोठी केली आणि क्रेनचे दुसऱ्या दिवसाचे भाडे स्वतःहून दिले. तिसरी म्हणजे पहिल्या पावसाळ्यानंतर डाव्या गुडघ्यामागच्या सांध्यावर हिरवट रेघ उमटली. तीन वेळा फोन करावा लागला, मग माणूस आला, सांधा घासून पुन्हा रंगछटा दिली. तेव्हापासून ठीक आहे. चौथी तक्रार त्यांच्यामार्फत आलेल्या नामफलकाची. दगड कोरणाऱ्याने बाबांच्या महानिर्वाणाचे वर्ष १९५६ ऐवजी १९६५ कोरले. बदलून दिले, पण अनावरणाच्या दिवशी फलकावर कापड टाकून ठेवावे लागले.

खर्च सांगतो. पुतळा करासह ८ लाख ६० हजार, पाया आणि ओटा वेगळे १ लाख ४० हजार, वाहतूक व क्रेन आमच्याकडे. चार हप्ते होते : काम देताना पाव, मातीचे मॉडेल पास झाल्यावर पाव, ओतकामाच्या वेळी चाळीस टक्के आणि उरलेले दहा टक्के बसवून झाल्यावर. तो शेवटचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवण्याची अट आम्ही घातली नाही, ही आमची चूक. तुम्ही जरूर घाला. मातीचे मॉडेल निदान दोनदा पाहण्याचा हक्कही करारात लिहून घ्या. हे शिल्पकार न लिहिताही बोलावतात, पण सगळीकडे तसे नसते.

देखभालीची सूचना त्यांनी तोंडी दिली, लेखी दिली नाही, म्हणून मी येथे लिहितो. आपला खारपाणपट्टा आहे. विहिरीच्या आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याने ब्राँझ धुतले की क्षार धातूला खातात आणि हिरवे डाग पडतात. शहानूर धरणातून येणारे नळाचे गोडे पाणी किंवा साठवलेले पावसाचे पाणीच वापरावे, मऊ फडक्याने पुसावे, वर्षातून एकदा पावसाळ्यापूर्वी मेणाचा पातळ हात द्यावा. दुधाचा अभिषेक, हळद, गुलाल, नारळाचे पाणी यांतले काहीही पुतळ्याला लावू नये. अनावरणाच्या दिवशी कोणीतरी दुधाची घागर आणली होती. अण्णांनी ती शाळेतल्या मुलांत वाटायला लावली.

या मे महिन्यात शिल्पकार मेणाचा हात द्यायला स्वतः आले होते, पैसे घेतले नाहीत, जेवून गेले. खराट्याच्या टोकाशी फरशीवर पोरांच्या हातांनी धातू घासून पिवळा झाला आहे; तो पुन्हा काळा करू का, असे आम्ही विचारले, तर त्यांनी तसाच राहू द्यायला सांगितले. पुतळा पाहायला येणाऱ्यांनी सकाळी आठच्या आत यावे. शाळेच्या बाजूने तिरपे ऊन येते तेव्हा खांद्यावरचे टाके आणि ती दोऱ्याची गाठ स्पष्ट दिसते; दुपारी ते दिसत नाही.